उन्हाळी पाऊस मशागतीचा, पेरणीचा नव्हे



तोरणमाळच्या माथ्यावर अवेळी ढग दाटले की खाली शहादा, तळोदा, नंदुरबारच्या रानात चर्चा सुरू होते. मृग अजून लांब असतो. पण फाल्गुन-चैत्रात एखादी गारपीट होऊन जाते, नाहीतर कृत्तिका-रोहिणीत दोन चांगल्या सरी पडतात, आणि पारावर एकच प्रश्न निघतो: "यंदा पाऊस लवकर आला, मग पेरून टाकायचे का?" गट ऑफिसात येणारे सभासदही हेच विचारतात. कोणी म्हणतो, ओल आहे तोवर उरकून घ्यावे. कोणी म्हणतो, मृगाशिवाय तिफण धरू नये. दोघांचेही थोडे बरोबर, थोडे चूक. म्हणून ओल्या उन्हाळ्याचा आपल्या जमिनीवर, उसावर आणि इतर पिकांवर काय परिणाम होतो, हे जरा सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा पाऊस येतो कोठून?

फेब्रुवारी ते मे या काळात आपल्याकडे पडणारा पाऊस हा नैर्ऋत्य मोसमी पाऊस नव्हे. त्याची कारणे निराळी आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर भारतावरून पश्चिमी वाऱ्यांचे झोत जातात. त्यांचा प्रभाव दक्षिणेकडे उतरला, आणि त्याच वेळी अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून दमट हवा आली, की दोघांची गाठ पडून विजा, वारा आणि गारा होतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी मोठी गारपीट झाली, ती याच जातीची. २०२३ च्या मार्चमध्येही खानदेशात अवकाळीने काढणीचा गहू-हरभरा आणि केळी-पपईच्या बागा झोडपल्या.

एप्रिल-मे मधला वळीव मात्र उन्हाच्या तापातून होतो. जमीन तापते, हवा वर चढते, दुपारनंतर ढग फुटतो आणि तासाभरात मोकळा होतो. एका शिवारात पाणी वाहते, शेजारच्या शिवारात धूळ उडत असते. अशा वेळी डोंगराची भर पडते. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे, आणि शहादा-प्रकाशाचा तापीकाठ त्याच्या जवळजवळ हजार मीटर खाली. वाऱ्याला सातपुड्याची ही भिंत चढावी लागते. हवा वर चढताना थंड होते व तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. म्हणून तोरणमाळवर ढग दिसला म्हणजे आपल्या बांधावर पाऊस आलाच, असे धरू नये. डोंगराचा पाऊस डोंगरापुरता असू शकतो.

पाणी किती मुरले?

पावसाची एक सर चांगली पडली आणि २५ मिलिमीटर पाणी मोजले, असे समजू. एकरी हिशेब केला तर हे सुमारे एक लाख लिटर पाणी झाले. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण उन्हाने भाजून निघालेली आपली काळी जमीन हे पाणी वरच्या वर पिऊन टाकते. भेगांतून थोडे खोल उतरते ते सोडले, तर २५ मिलिमीटर पावसाने जमीन साधारण चार इंच, म्हणजे अर्धी वीतच, नीट ओली होते. त्याखाली कोरडी ठण्ण.

पुढे ऊन आणि वारा आपले काम करतात. मे महिन्यात उघड्या ओल्या जमिनीतून रोज पाच-सात मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. म्हणजे चार-पाच दिवसांत वरची ओल संपली. नेमक्या त्याच चार-पाच दिवसांत ज्वारी, बाजरी, मक्याचे बी उगवून वर येते. कोंब वर आला, मूळ खाली गेले, आणि खाली ओलच नाही! बी पेरलेच नसते तर ते निदान पोत्यात तरी शिल्लक राहिले असते. दुबार पेरणी होते ती अशी. त्यात बियाण्याचे पैसे जातात, मजुरी जाते, आणि हंगामाचे पंधरा दिवस जातात ते वेगळेच.

म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये, असे कृषी खाते सांगत असते. एवढ्या पावसाने जमीन फूट-दीड फूट ओली होते, आणि पुढे आठ-दहा दिवस उघडीप पडली तरी रोप तग धरते. हा नियम कोणी ऑफिसात बसून काढलेला नाही, मातीच्या हिशेबातून आलेला आहे.

२०२५ चा धडा

हे सर्व ताजे आहे ते २०२५ च्या उन्हाळ्यामुळे. त्या वर्षी मे महिन्यात राज्यभर पाऊस झाला. अरबी समुद्रात कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी थेट मुंबईत पोहोचला. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंद त्यापूर्वी नव्हती. साहजिकच सगळीकडे गडबड उडाली. पण राज्याच्या काही भागापर्यंत येऊन मोसमी वारे थांबले, आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकलेच नाहीत. त्या वेळी कृषी खात्याने पेरणीची घाई करू नका असे बजावले होते. ज्यांनी ते ऐकले त्यांचे बी वाचले.

यातून घ्यायचे ते एवढेच. पाऊस लवकर येणे आणि पाऊस टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा दुसरीवर भरवसा नसतो.

मग हा पाऊस वाया घालवायचा का?

मुळीच नाही. उन्हाळी पाऊस हा मशागतीचा पाऊस आहे. नांगरून तापलेल्या रानातली ढेकळे या पाण्याने मऊ होतात आणि एका वखरपाळीत फुटतात. शिवाय पहिल्या पावसाने तणाचे बी उगवते. ते आठ-दहा दिवसांत दोन पानांवर आले की वखर फिरवावा. पिकाच्या आधीच तणाची पहिली फळी कापली जाते, आणि पुढे निंदणीचा खर्च वाचतो. पेरणीची घाई करणारा हे तण पिकाबरोबरच वाढवतो आणि मग खुरप्याने काढत बसतो.

एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. वापसा आल्याशिवाय रानात औत किंवा ट्रॅक्टर घालू नये. काळी जमीन ओली असताना चाकाखाली दाबली गेली की विटेसारखी घट्ट बसते. तो थर पुढे वर्षभर मुळांना आडवा येतो. वापसा ओळखण्याची साधी रीत आहे. सहा इंच खोलीवरची मूठभर माती घ्यावी, तिचा लाडू वळावा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. लाडू वळलाच नाही तर ओल कमी. पडून चपटा झाला, हाताला माती चिकटली, तर ओल जास्त. पडताच फुटून मोकळा झाला, तर वापसा. याला यंत्र लागत नाही.

डोंगर आणि आपला गाळप हंगाम

तोरणमाळचा विषय कारखान्याच्या पत्रिकेत कशाला, असे काहींना वाटेल. पण डोंगर आणि कारखाना यांचे नाते पाण्याचे आहे, तसेच माणसांचेही आहे. डोंगराच्या दक्षिण उतारावरचे पाणी तापीच्या खोऱ्यात उतरते. सातपुड्यातून निघालेली गोमाई शहाद्यावरून प्रकाशाजवळ तापीला मिळते. त्याच डोंगरातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या खाली येतात, काही गुजरातेत जातात. होळी हा त्यांचा वर्षाचा मोठा सण. होळीला टोळी गावी गेली की परत किती कोयते येतील, याचा अंदाज मुकादमालाही देता येत नाही.

ओल्या उन्हाळ्यात या घरांवर दुहेरी मार बसतो. मार्च-एप्रिलमध्ये महूची फुले वेचून वाळवायची असतात, मेमध्ये कैऱ्या सोलून, काप करून आमचूर वाळवायचे असते. दोन्ही कामे कडक उन्हाची. पाऊस पडला की फुलांना बुरशी धरते, आमचूर काळे पडते आणि बाजारात भाव उतरतो. घरी बायामाणसांचा माल भिजतो आहे असे कळले की तोडकरी फडात कसा थांबेल? त्यात लवकर पावसाने उताराची जमीन पेरणीला खुणावू लागते. डोंगरातली माती हलकी, मुरमाड. ती लवकर ओली होते आणि लवकर सुकतेही. म्हणून ज्वारी, मका, भगरीसारख्या पिकांची घाईची पेरणी तिथे अधिकच धोक्याची. शिवाय पीक उभे नसलेल्या उतारावर वळीव जोरात पडला की माती वाहून जाते. आडवी नांगरट आणि दगडी बांध यांची डागडुजी पावसाआधी करणे, हाच त्यावरचा उपाय.

आपल्यापुरता याचा अर्थ असा की, उभा ऊस होळीच्या पुढे जितका लांबेल तितका तो मजूर आणि हवामान या दोन्हींच्या हवाली होतो. तोडीचा कार्यक्रम पाळणे म्हणूनच साऱ्यांच्या हिताचे आहे.

उसावर काय परिणाम?

तोडीला आलेला ऊस, नवी सुरू लागण आणि खोडवा यांना हा पाऊस सारखा लागू पडत नाही. एकेकाचा विचार करू.

तोडीला आलेल्या उसाचे यात नुकसान होते. ऊस पक्व होण्यास कोरडी, थंड हवा लागते. मार्चमध्ये पाऊस झाला की ऊस पुन्हा वाढीला लागतो, पांगशा फुटतात आणि साठलेली साखर वाढीकडे वळते. चिखलामुळे वाहन फडात जात नाही, तोडलेला ऊस बांधावर पडून वाळतो, मोळीबरोबर माती येते. या सर्वांचा परिणाम उताऱ्यावर होतो. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरविला. त्या दरात उतारा ०.१ टक्का वाढला किंवा घटला की क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैशांचा फरक पडत होता. (साडेनऊ टक्क्यांच्या खाली मात्र दर ठरावीक आहे.) म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. एकरी ४० टन धरले तर १३८४ रुपये झाले. हा उतारा एका शेतकऱ्याचा मोजला जात नाही, कारखान्याचा मोजला जातो. एकाच्या मोळीतली माती सर्वांच्या बिलात उतरते, हे सभासदांनी ध्यानात घ्यावे.

सुरू लागणीला हाच पाऊस बहुधा लाभतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावलेला ऊस एप्रिल-मेमध्ये फुटवे धरीत असतो. एखादी सर आली तर पाण्याची एक पाळी वाचते. कोरड्या, उष्ण हवेत खोडकीड वाढते, ती पावसाने कमी होते. पण सरीत दोन-तीन दिवस पाणी तुंबले तर चित्र पालटते. मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात, घातलेल्या युरियातला नायट्रोजन काही झिरपून तर काही वायू होऊन उडून जातो. म्हणून पाऊस पडला की आधी चर काढावेत. खताचा हप्ता वापसा आल्यावरच, मातीआड करून द्यावा. साचलेल्या पाण्यात युरिया फेकणे म्हणजे पैसे फेकणे. पुढे दमट हवा टिकली तर पोंगा मर, पोक्का बोंग या रोगाकडे लक्ष ठेवावे. पोंग्यातली पाने पिवळसर, चुरगळलेली दिसली की शेतकी मदतनीसाला दाखवावीत.

खोडव्याचे नुकसान दिसत नाही, पण खरे तेच मोठे. ओल्या रानात ट्रक-ट्रॉलीची चाके बुडख्यांवरून जातात, फुटवे चेंगरतात आणि खोडवा तुटक होतो. अशा फडात बुडखे जमिनीबरोबर छाटून घ्यावेत, पाचट न जाळता सरीत पसरावे, आणि जेथे दोन फुटांहून अधिक मोकळी जागा असेल तेथे पिशवीतली किंवा ट्रेमधली रोपे लावून नांग्या भराव्यात. पाचटाचा दुसरा फायदा असा की उन्हाळी पावसाची ओल ते झाकून ठेवते. उघड्या जमिनीतून चार दिवसांत जाणारी ओल पाचटाखाली बरीच जास्त टिकते.

हुमणीची वेळ लवकर येते

ओल्या उन्हाळ्याचा सर्वांत मोठा धोका जमिनीखाली आहे. हुमणीचे भुंगेरे जमिनीत राहून पहिल्या चांगल्या वळिवानंतर बाहेर पडतात. पाऊस मेऐवजी एप्रिलमध्ये झाला, तर तेही लवकर निघतात. संध्याकाळी दिवेलागणीनंतर ते कडुलिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात, पाने खातात आणि तेथेच मिलन होते. मादी पुन्हा जमिनीत जाऊन साधारण पन्नास-साठ अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या पावसाळ्यात उसाची मुळे कुरतडतात. सप्टेंबरात ऊस पिवळा पडून हाताने उपटून येऊ लागला, की मग औषधाचा उपयोग थोडा आणि खर्च फार.

तेव्हा वेळ साधायची ती पहिल्या पावसानंतरच्या तीन-चार रात्रींत. सायंकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान झाडाखाली कापड अंथरावे, फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. दिव्याखाली पाण्याचे टोपले ठेवूनही ते सापडतात. एक मादी मारली म्हणजे पन्नास अळ्या मारल्या, असा हा सौदा आहे. मात्र हे काम एकट्या-दुकट्याचे नाही. एकाने झाड हलवायचे आणि शेजाऱ्याने झोपायचे, तर भुंगेरा बांध ओलांडून येतोच. सहकाराची कसोटी फक्त सर्वसाधारण सभेत लागते असे नाही, ती या कडुलिंबाखालीही लागते. गावाने एक रात्र ठरवावी आणि सगळ्यांनी मिळून उतरावे.

कापूस, पपई आणि इतर

बागायती कापसाची मे महिन्यात लागवड करण्याची आपल्याकडे फार हौस. पावसाने ओल झाली की ती आणखी वाढते. पण गुलाबी बोंडअळी मागच्या हंगामातल्या पऱ्हाटीत आणि गळलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत असते. उन्हाळी पावसाने तिचे पतंग लवकर बाहेर येतात. त्या वेळी शेतात पात्या-फुले नसतील तर त्यांची पिढी उपाशी संपते. लवकर लावलेला कापूस मात्र तिला आयता आश्रय देतो, आणि पुढे साऱ्या शिवाराला त्रास होतो. म्हणून जून लागल्याशिवाय कापूस लावू नये. मागची पऱ्हाटी रानात ठेवू नये.

पपईच्या नव्या बागेत बुंध्याशी पाणी तुंबले की बुंधा कुजतो. गादीवाफा उंच करून पाणी काढून द्यावे. गहू-हरभरा कापून पडला असेल तर ढगाळ हवेत ढीग करून ताडपत्रीने झाकावा, भिजलेला माल पसरून वाळवल्याशिवाय थप्पी लावू नये. आडसाली लागणीचे रान मोकळे असेल आणि पाण्याची सोय असेल, तर मेअखेरच्या ओलीवर ताग किंवा धैंचा पेरावा. फुलावर येताच दीड महिन्यात तो गाडला, की लागणीला हिरवळीचे खत तयार.

थोडक्यात सूचना

१. पाऊस अंदाजाने धरू नका. गावात पर्जन्यमापक असेल तर रोजचा आकडा वहीत लिहा. नसेल तर कुदळीने खणून ओल किती खोल गेली ते पाहा.

२. एक फुटापर्यंत ओल नसेल तर कोरडवाहू पेरणी थांबवा. धूळपेरणी करणारांनी सगळे रान एकदम न पेरता थोडे राखून ठेवावे.

३. उन्हाळी पाऊस वखरणीसाठी, तण मारण्यासाठी आणि हिरवळीच्या खतासाठी वापरा.

४. वापसा नसताना रानात ट्रॅक्टर, ट्रॉली, औत घालू नका.

५. तोडीला आलेल्या उसाचे शेवटचे पाणी वेळेवर तोडा, फडाची वाट दुरुस्त ठेवा आणि तोडीच्या तारखेसाठी चिटबॉयशी संपर्क ठेवा.

६. पहिल्या वळिवानंतर हुमणीचे भुंगेरे गोळा करण्याचा कार्यक्रम गावाने एकत्र घ्यावा.

७. विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नका, बैल झाडाला बांधू नका.

सभासद बंधूंनो, पाऊस आपल्या हाती नाही, तो केव्हा यावा हेही आपल्या हाती नाही. पण आलेल्या पाण्याचे काय करायचे, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. पेरणीला आठ दिवस उशीर झाला तर पीक थोडे मागे पडेल. दुबार पेरणी झाली तर घरातला पैसा आणि हंगाम दोन्ही जातील. तेव्हा ढगाकडे एकदा आणि मातीकडे चार वेळा पाहावे. शंका असल्यास आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाला बांधावर बोलवावे. त्याचे ते कामच आहे.